सायन्स फिक्शन सिरीयल, पुराणं आणि आपण: सोलापुरातून सारखे येणारे प्रश्न

गेली काही वर्षं आम्ही सात-आठ जण दर शनिवारी रात्री होटगी रोडला एकाच्या घरी जमतो, सायन्स फिक्शन सिरीयलचा एक एपिसोड बघतो आणि मग त्यावर बोलत बसतो, कधीकधी एपिसोड पाऊण तासाचा आणि बोलणं तीन तासांचं. कुणीतरी हे नातेवाइकांना सांगतं, ते व्हॉट्सॲपवर प्रश्न पाठवतात, आणि प्रश्न तेच तेच असतात. म्हणून सगळे एका जागी लिहिलेत. पुढं बऱ्याच सिरीयलींचे शेवट सांगितलेत, तेव्हा जी बघायची राहिलीय तिचा प्रश्न सोडून पुढं जा.

१. सिरीयलमध्ये पुराण शोधायचं म्हणजे नक्की काय करायचं ओ?

कीर्तनाला बसलाय ना कधी? नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात एक अभंग घेतात, त्याचं निरूपण करतात, आणि उत्तररंगात एखादं आख्यान लावतात. आख्यान ऐकताना मागचा अभंग आठवत राहतो आणि दोन्हीचा अर्थ एकमेकांमुळं उघडत जातो. आम्ही तेच करतो, फक्त आख्यानाच्या जागी एपिसोड असतो. एपिसोड बघायचा, त्यातला खरा पेच काय ते एका वाक्यात पकडायचं, आणि मग विचारायचं की हा पेच आधी कुठल्या गोष्टीत आलाय.

पण इथं थांबायचं नाही. जुळतंय कुठं ते कुणालाही पाच मिनिटांत सापडतं. जुनी गोष्ट आणि नवी गोष्ट बरोबर चालता चालता एका जागी वेगळ्या वाटेला लागतात, ती जागा शोधायची. अर्थ तिथं असतो. खालची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

२. हे सगळं आपणच चिकटवतो ना? लिहिणाऱ्याच्या डोक्यात असलं काही असतं का?

काही वेळा अगदी उघड असतं. 'द एक्सपान्स'मधल्या मुख्य जहाजाचं नाव रोसिनान्ते आहे, म्हणजे डॉन किहोतेचा घोडा, आणि त्या जहाजाचा कॅप्टन जिथं तिथं न्यायासाठी अंगावर संकट ओढवून घेतो, तेव्हा नाव उगाच ठेवलेलं नाही. जर्मन सिरीयल 'डार्क' (२०१७ ते २०२०, तीन सीझन) घ्या, त्यात मार्था शाळेच्या नाटकात आरियाड्नेचं काम करते. ही ग्रीक गोष्टीतली राजकन्या, तिनं दिलेल्या दोऱ्याच्या आधारानं नायक भूलभुलैयातून बाहेर येतो. 'डार्क'मध्ये मात्र माणसं दोरा धरून जितकी चालतात तितकी आत गुंतत जातात. लिहिणाऱ्यांनी जुनी गोष्ट मुद्दाम समोर ठेवली आणि मुद्दाम उलटी केली.

काही वेळा लिहिणाऱ्याच्या मनात दुसऱ्याच देशातली गोष्ट असते आणि आपल्याला आपली आठवते. त्यातही काही चूक नाही, पण दोन्ही वेगळं सांगायचं. 'लोकी'च्या दुसऱ्या सीझनच्या (२०२३) शेवटी लोकी मधोमध बसतो आणि सगळे काळाचे धागे त्याच्याभोवती झाडासारखे उभे राहतात, ते नॉर्स पुराणातलं विश्ववृक्षाचं झाड आहे, लोकी हे पात्रच तिथलं. आपल्याला गीतेतला 'ऊर्ध्वमूलमधःशाखम्' अश्वत्थ आठवतो. आठवू दे. पण 'त्यांनी गीतेतून घेतलं' असं म्हणायचं नाही. आणि एक बघा, गीता तो अश्वत्थ वैराग्याच्या शस्त्रानं छेदायला सांगते, लोकी तेच झाड स्वतः धरून बसतो म्हणून जग वाचतं. हे कळल्यावर मी दोन दिवस दुसरं काही बघितलं नाही.

३. एकच एपिसोड सांगा, कुठून सुरू करू?

'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन', पाचवा सीझन, 'डार्मोक', १९९१. आधीचं काही बघायची गरज नाही.

गोष्ट अशी. टामेरियन नावाचे लोक आहेत, त्यांची भाषा कुणालाच कळत नाही. मशीन शब्दाचं भाषांतर बरोबर करतं पण अर्थ लागत नाही, कारण ते लोक सगळं गोष्टींतूनच बोलतात. 'शाका, जेव्हा भिंती कोसळल्या' म्हणजे हरलो, फसलं. 'डार्मोक आणि जलाद टनाग्राला' म्हणजे दोन परके एका संकटात एकत्र आले आणि मित्र झाले. आता शाका कोण, भिंती कसल्या, हे माहीत नसलेल्या माणसाला काय कळणार? मग त्यांचा कॅप्टन या सिरीयलमधल्या जहाजाच्या कॅप्टनला, पिकार्डला, एका ग्रहावर घेऊन जातो, तिथं एक हिंस्र प्राणी आहे, आणि हातात खंजीर देतो. पिकार्डला वाटतं हा लढायला बोलावतोय. खरं तर तो ती जुनी गोष्ट दोघांनी मिळून जगायची म्हणतोय, म्हणजे निदान एक तरी गोष्ट दोघांची होईल.

आमच्या घरी हा एपिसोड लावला तेव्हा पहिली दहा मिनिटं सगळे गप्प, आणि मग माझी आजी मागून म्हणाली, "अरे मग आपण काय वेगळं बोलतोय रे?" खरंच की! अंगावर दागिना नसलेली बाई दिसली की 'लंकेची पार्वती', घरभेद्या निघाला की 'घरचा बिभीषण', गरिबानं प्रेमानं काही दिलं की 'सुदाम्याचे पोहे', इकडचं तिकडं करणारा 'नारद', कितीही आले तरी जेवण पुरलं की 'द्रौपदीची थाळी'. महाभारत माहीत नसलेल्या माणसाला 'ती थाळी आहे' एवढंच मशीन सांगणार. त्या रात्री आम्ही ठरवून फक्त असंच बोलायचा प्रयत्न केला, आणि जवळजवळ वीस मिनिटं चाललं.

एपिसोडमध्ये त्या कॅप्टनला प्राणी जखमी करतो, तो मरायला टेकलेला असतो, शेकोटीजवळ पडलेला, आणि पिकार्ड त्याला गिल्गमेश आणि एन्किडूची गोष्ट सांगतो, माणसाच्या सगळ्यात जुन्या लिहिलेल्या गोष्टींपैकी एक, त्यातही मित्र मरतो. बरा करायला काही नाही जवळ, औषध नाही, फक्त गोष्ट आहे. शेवटी जहाजावर पिकार्ड होमरच्या नावावर असलेली ग्रीक स्तोत्रं वाचत बसलेला दिसतो. परक्याशी बोलायचं तर आधी स्वतःच्या जुन्या गोष्टी नीट यायला हव्यात, असं त्याला वाटायला लागलंय.

४. मला ग्रीक पुराण अजिबात माहीत नाही, आधी ते वाचायला लागंल का?

नाही. पाच-सहा गोष्टी माहीत असल्या की निम्मं काम होतं: ऑर्फियस (मेलेल्या बायकोला आणायला गेला, मागं वळून बघितलं आणि गमावली), आरियाड्नेचा दोरा (प्रश्न २), घरी परतायला दहा वर्षं लागलेला ओडिसियस, देवांची आग चोरणारा प्रोमिथियस, आणि बायबलमधलं नोहाचं जहाज. प्रोमिथियस तर या सगळ्या प्रकाराच्या मुळाशीच आहे, मेरी शेलीनं १८१८ ला 'फ्रँकेन्स्टाइन' काढलं त्याचं उपशीर्षकच 'आधुनिक प्रोमिथियस' आहे. बाकी लागंल तसं शोधायचं.

५. 'सेव्हरन्स'चा शेवट ऑर्फियसचा आहे म्हणतात, मला तर सावित्री आठवली. कोण बरोबर?

दोघं. पण इथं मोडतंय कुठं ते फार बघण्यासारखं आहे.

ऑर्फियस गाण्यानं पाताळाच्या देवांना वितळवतो, अट एकच, बाहेर पडेपर्यंत मागं बघायचं नाही, आणि तो बघतो. सावित्री यमाच्या मागं चालत जाते आणि बोलत राहते. यम म्हणतो नवऱ्याचे प्राण सोडून काहीही माग. ती सासऱ्याचे डोळे आणि राज्य मागते, वडिलांना शंभर मुलं मागते, आणि मग सत्यवानापासून स्वतःला शंभर मुलं मागते, तिथं यम अडकतो. एक डोळ्यानं हरला, दुसरी शब्दानं जिंकली. आपल्याकडं वटपौर्णिमेला दोरा गुंडाळताना हा बोलण्याचा भाग मागं पडतो याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ती गोष्ट उपासाची कमी आणि युक्तिवादाची जास्त आहे.

'सेव्हरन्स'मध्ये माणसाच्या मेंदूचे दोन भाग केलेत, ऑफिसमधल्याला घर आठवत नाही आणि घरच्याला ऑफिस. दुसऱ्या सीझनच्या (२०२५) शेवटी मार्क मेली असं वाटलेल्या बायकोला त्या खालच्या मजल्यावरून बाहेर काढतो. ती दाराबाहेर पोचते. आणि तो आतच थांबतो, कारण दाराच्या आत असलेला मार्क तिचा नवरा नाहीच, त्याचं प्रेम आत दुसरीवर आहे. म्हणजे बायको वर आली आणि ऑर्फियस खाली राहिला. जुन्या गोष्टीत प्रश्न होता की प्रेम मरणापर्यंत जाऊन परत येऊ शकतं का. नवीन गोष्ट म्हणते, येऊ शकतं, पण जो आणायला गेला तो तोच माणूस आहे का?

६. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'च्या सुरुवातीला गायत्री मंत्र का आहे? ती हिंदू सिरीयल आहे का?

नाही, हिंदू सिरीयल नाही. २००४ ते २००९ च्या नवीन सिरीयलच्या शीर्षकसंगीतात गायत्री मंत्राचे शब्द गायलेत हे खरं आहे, आणि पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला हेही खरं. पण आतल्या माणसांचे देव ग्रीक नावांचे आहेत, त्यांच्यावर उलटलेले सायलॉन नावाचे यंत्रमानव एकच देव मानतात, आणि १९७८ च्या मूळ सिरीयलवर मॉर्मन पंथाच्या कल्पनांची छाप होती. सगळी जगं उद्ध्वस्त झाल्यावर साधारण पन्नास हजार माणसं जहाजांतून पृथ्वी शोधत निघतात, ते नोहाचं जहाजही आहे आणि मोशेबरोबर निघालेले लोकही.

मंत्रापेक्षा मोठी गोष्ट दुसरी आहे. सिरीयलमध्ये एक वाक्य सारखं येतं की हे सगळं आधी घडलंय आणि पुन्हा घडणार आहे. आता सोलापुरात मार्कंडेय ऋषी कुणाला सांगायला नको. पद्मशाली समाज त्यांना मूळपुरुष मानतो, नारळी पौर्णिमेला त्यांचा रथ निघतो, पूर्व भागातून गर्दी लोटते. सोळाव्या वर्षी मरायचं होतं, शिवलिंगाला मिठी मारली आणि यम परतला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ. दुसरी कमी सांगितली जाते. महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय पांडवांना प्रलय सांगतात. सगळीकडं पाणी, कुणीच नाही, ते एकटेच पोहतायत, आणि वडाच्या फांदीवर एक बाळ झोपलेलं दिसतं. बाळ तोंड उघडतं, मार्कंडेय आत ओढले जातात, आणि आत सगळी पृथ्वी तशीच्या तशी, नद्या, गावं, माणसं. शंभरावर वर्षं ते आतच फिरतात तरी टोक सापडत नाही, मग पुन्हा बाहेर पाण्यात. यापेक्षा मोठं सायन्स फिक्शन दृश्य मी तरी पडद्यावर बघितलेलं नाही.

आता मोडतंय कुठं. मार्कंडेय साक्षी आहेत, प्रलय त्यांच्यामुळं आलेला नाही, कालचक्र फिरलं म्हणून आला. 'गॅलॅक्टिका'त प्रलय माणसानंच बनवलेल्या यंत्रांनी आणलाय. म्हणून सुरुवातीलाच जहाजाचा प्रमुख अडामा विचारतो की आपण वाचायच्या लायकीचे आहोत का, आणि शेवटच्या एपिसोडमध्ये दीड लाख वर्षांनंतरच्या न्यूयॉर्कमध्ये तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो, या वेळी तरी चक्र थांबेल का. पुराणात चक्र थांबवायचं असं कुणाच्या मनात येत नाही, कारण तिथं चक्र हा गुन्हा नाही.

७. 'डॉक्टर हू' बदलत राहतो म्हणजे दशावतारच ना?

हा प्रश्न महिन्यातून एकदा येतो. नाही. आधी साधी माहिती: 'डॉक्टर हू' २३ नोव्हेंबर १९६३ ला बीबीसीवर सुरू झालं, आणि १९६६ मध्ये पहिल्या नटाची तब्येत साथ देईना म्हणून त्यातला नायक, ज्याला सगळे डॉक्टर म्हणतात, तो मरायला टेकला की नवीन शरीर घेतो ही युक्ती काढली. अडचणीतून कल्पना निघाली आणि साठ वर्षं टिकली.

अवतार कामासाठी ठरवून खाली येतो. डॉक्टर ठरवून येत नाही, तो मरायला लागतो, बऱ्याचदा रडतो, जायचं नसतं त्याला. त्यापेक्षा 'वासांसि जीर्णानि' जवळचं वाटतं, जुने कपडे टाकून नवीन घेणं, पण तिथं मागच्या जन्माची आठवण जाते आणि आत्मा तोच राहतो, इथं आठवण राहते आणि स्वभाव बदलतो. म्हणजे बरोबर उलटं. मग 'मी' म्हणजे आठवण का स्वभाव? एवढा प्रश्न घेऊन बघा, दशावताराची यादी जुळवत बसू नका.

८. विमानं, ब्रह्मास्त्र, टाइम ट्रॅव्हल, आपल्याकडं हे सगळं आधीच होतं, हे का लिहीत नाही?

कारण ते आम्हाला पटत नाही, आणि त्यानं गोष्टीचं नुकसान होतं. भागवतात ककुद्मी राजाची गोष्ट आहे, मुलगी रेवतीसाठी वर विचारायला तो तिला घेऊन ब्रह्मलोकात जातो, तिथं गाणं चालू असतं म्हणून थोडा थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटतात. मनात धरलेली सगळी स्थळं, त्यांची मुलं, नातवंडं, कुणीच उरलेलं नाही. लोक लगेच म्हणतात, बघा, आइन्स्टाइनच्या १९०५ च्या आधीच आपल्याला कळलं होतं. पण त्या गोष्टीत गती नाही, गणित नाही, मोजमाप नाही. तिच्यात एका बापाची गोष्ट आहे, ज्याला लेकीसाठी सगळ्यात चांगलं शोधायला जाऊन सगळ्या ओळखीच्या जगाला मुकावं लागलं. तिला फिजिक्सचा पुरावा केलं की बाप दिसायचा बंद होतो.

९. पिकार्ड दुसरंच आयुष्य जगतो तो एपिसोड नारदाच्या मायेच्या गोष्टीवरून घेतलाय का?

घेतलाय असं म्हणणार नाही (प्रश्न २ बघा), पण शेजारी ठेवून बघितलंच पाहिजे. 'द इनर लाइट', १९९२. एका यानातून किरण येतो, पिकार्ड बेशुद्ध पडतो, आणि दुसऱ्या ग्रहावर कामिन या नावानं जागा होतो. आधी धडपडतो, मग लग्न, मुलं, बासरी शिकणं, दुष्काळ, म्हातारपण, नातू. जहाजावर गेलेला वेळ पंचवीस मिनिटांच्या आसपास. तो ग्रह हजार वर्षांपूर्वीच नष्ट झालाय आणि त्या लोकांनी आपली आठवण कुणीतरी ठेवावी म्हणून ते यान सोडलेलं असतं.

नारदाची गोष्ट: देवाला म्हणाले माया दाखवा, देव म्हणाले आधी पाणी घेऊन ये. नारद गावात गेले, दार उघडणाऱ्या मुलीवर जीव जडला, लग्न, लेकरं, शेती, बारा वर्षं. मग पूर आला आणि बायको, मुलं सगळी हातातून सुटली. रडत किनाऱ्याला लागले तर आवाज आला, पाणी कुठंय? अर्धा तास झाला वाट बघतोय.

दोन्हीत संसार एका क्षणात मावलाय. पण नारदाला सांगितलं जातं की ते सगळं खोटं होतं. पिकार्डला कुणी तसं सांगत नाही. त्याला यानात सापडलेली एक छोटी पेटी देतात, त्यात बासरी असते, आणि तो ती वाजवतो, बोटं बरोबर पडतात. आयुष्य शरीरानं जगलं नाही तरी बोटांत राहिलंय.

आजीला (तीच, प्रश्न ३ मधली) मी हा एपिसोड थांबवून थांबवून सांगत होतो. शेवटी ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, "नारदाच्या त्या लेकरांचं काय झालं असंल रे, त्यांच्यासाठी कोण रडलं?" मी ती गोष्ट लहानपणापासून ऐकतोय, पण मला हा प्रश्न कधीच पडला नव्हता. पडला तो एका म्हाताऱ्या बाईला, स्टार ट्रेक बघितल्यावर. तिला आता पुन्हा ती गोष्ट सांगायला लावली की ती मुलांना नावं देते.

बासरी म्हणजे कृष्ण का, असंही विचारतात. नाही, त्याचं कारण प्रश्न १३ मध्ये.

१०. प्रत्येक गोष्टीत हीरो घर सोडतो, लढतो, परत येतो, तोच फॉर्म्युला ना सगळीकडं?

जोसेफ कॅम्बेलनी १९४९ साली मांडलेला हा आराखडा, 'स्टार वॉर्स' काढताना जॉर्ज लुकासनी तो वापरल्यानं फारच प्रसिद्ध झाला. उपयोगी आहे, पण सगळीकडं लावला तर आपल्या जिल्ह्यातली सगळ्यात मोठी गोष्टच त्यात बसत नाही. पुंडलिक कुठंच जात नाही! आई-बापाचे पाय दाबत बसलाय, दारात देव आलाय, आणि हा वीट फेकून म्हणतो, जरा थांब. जातो तो देव, आणि थांबतोही देवच, युगे अठ्ठावीस.

म्हणून मला 'डीप स्पेस नाइन' (१९९३ ते १९९९) फार जवळची वाटते. बाकीच्या स्टार ट्रेकमध्ये जहाज फिरतं, इथं स्टेशन एका जागी आहे आणि जग त्याच्या दारात येतं. पहिल्याच भागात स्टेशनचा प्रमुख सिस्को, त्याची गाठ अशा जिवांशी पडते ज्यांना आधी-नंतर हा प्रकारच कळत नाही, त्यांना सगळा काळ एकदम आहे. तो बेसबॉलचं उदाहरण देऊन त्यांना समजावतो की आमच्यात पुढचा चेंडू कसा येईल ते माहीत नसतं, म्हणून तर खेळतो. ते विचारतात, मग तू इथं का राहतोस? आणि त्याला सारखं त्याच क्षणात नेतात जिथं त्याची बायको जळत्या जहाजात मेली. काळ पुढं जातो असं शिकवणारा माणूस स्वतः त्या एका क्षणात उभा आहे, हे त्याला तेव्हा कळतं आणि तो रडतो. आमच्यात एकाचे वडील त्याच वर्षी गेले होते, तो उठून गच्चीवर गेला, आम्ही पण मागं गेलो नाही.

पुंडलिकाचं थांबणं प्रेमाचं आहे, सिस्कोचं दुःखाचं. पण एका जागी थांबून राहणंही मोठ्या गोष्टीचा विषय होतं, हे दोन्हीतून कळतं.

११. गड्ड्याच्या यात्रेशी याचा संबंध लावता असं ऐकलं, खरं का?

खरं. यात्रेच्या गर्दीतच ते सुचलं. बाहेरच्यांसाठी थोडक्यात: गड्ड्याची यात्रा म्हणजे सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांची यात्रा. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले शिवयोगी, एका कुंभारकन्येनं त्यांच्याशीच लग्न करायचा हट्ट धरला, ते ब्रह्मचारी, म्हणून त्यांच्या योगदंडाशी तिचं लग्न लागलं. त्याची आठवण म्हणून दर वर्षी संक्रांतीच्या सुमारास तळ्याकाठी संमती कट्ट्याजवळ अक्षता सोहळा होतो. सात उंच नंदीध्वज येतात, पेलणारे पांढऱ्या बाराबंदीत, संमती वाचून होते, 'दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम' म्हटलं की लाखो हातांतून अक्षता पडतात. दुपारी केसांत तांदूळ घेऊन माणूस घरी येतो.

त्याच आठवड्यात आम्ही 'नेक्स्ट जनरेशन'चाच 'द मेझर ऑफ अ मॅन' (१९८९) बघितला. डेटा हा यंत्रमानव, त्याला खोलून तपासायचंय, तो नाही म्हणतो, आणि खटला उभा राहतो की डेटा व्यक्ती आहे का वस्तू. त्याच्याच मित्राला, रायकरला, विरुद्ध बाजू मांडायला लावतात. तो डेटाचा हात काढून दाखवतो आणि मग पाठीचं बटण दाबून त्याला बंद करतो. डेटा टेबलावर पुढं कोसळतो. तो क्षण बघवत नाही.

काठी नवरा होऊ शकते का? सोलापूर म्हणतं, होऊ शकते, आम्ही सगळ्यांनी मिळून संमती दिली की. कट्ट्याचं नावच बघा. तिथं कुणी पुरावा मागत नाही. खटल्यात मात्र वाद घालून सिद्ध करावं लागतं, आणि शेवटी न्यायाधीश बाई म्हणतात की याला आत्मा आहे का ते मला ठरवता येत नाही, पण ते शोधायचं स्वातंत्र्य त्याला असलं पाहिजे. एकीकडं माणसांच्या होकारानं वस्तूला नातं मिळतं, दुसरीकडं त्या वस्तूच्या स्वतःच्या नकाराला मान मिळतो. आणि कुंभारकन्येला कुणी विचारलं का, हा प्रश्न आमच्यातल्या एका ताईंनी काढला. कथेत मागणी तिचीच आहे, हे उत्तर आहेच, पण त्यावरचं बोलणं अजून संपलेलं नाही.

१२. देवाधर्माच्या गोष्टी असल्या सिरीयलींना लावल्या तर अपमान नाही का होत?

श्रद्धा असणाऱ्या लोकांनीच विचारलंय, म्हणून नीट सांगतो. आमच्यात रोज पूजा करणारेही आहेत आणि अजिबात न मानणारेही. कीर्तनकार नेहमीच आजचे दाखले देत आलेत, आगगाडीचे दिले, क्रिकेटचे दिले. जुनी गोष्ट नव्या गोष्टीशेजारी बसवल्यानं लहान होत नाही, आजीच्या प्रश्नानं (९) नारदाची गोष्ट माझ्यासाठी मोठीच झाली. एक पथ्य पाळतो: कुणाच्या देवाला 'पात्र' म्हणून हिणवायचं नाही, आणि कुणाच्या आवडत्या सिरीयलला 'आपलीच चोरी' म्हणायचं नाही.

१३. मग काहीही कशालाही लावलं तर चालतं का? चुकीचा अर्थ असा काही असतो का?

असतो. आम्ही दोन गोष्टी बघतो. पहिली, जोडलेली गोष्ट काढून टाकली तर एपिसोडमधलं काही कळायचं कमी होतं का? होत नसेल तर ती शोभेची आहे. दुसरी, एका वस्तूवरून उडी मारलीय का? पिकार्डची बासरी म्हणजे कृष्ण, ही अशी उडी, कारण त्या एपिसोडमधल्या बासरीत ना रास आहे, ना विरह, ना बोलावणं. ती मेलेल्या गावाची आठवण आहे. वस्तू सारखी असून काम वेगळं असंल तर सोडून द्यायचं.

फसवी गोष्ट म्हणजे नुसतं नाव. 'स्ट्रेंजर थिंग्ज'मध्ये डेमोगॉर्गन आणि वेक्ना ही राक्षसांची नावं मुलं टेबलाभोवती बसून जो खेळ खेळतात त्यातून आलीत. डेमोगॉर्गन हे नाव इंग्रज कवी मिल्टनच्या काव्यातही आहे, पण म्हणून लगेच मिल्टन शोधत बसू नका, मुलांनी ओळखीच्या खेळातलं नाव अनोळखी भीतीला दिलं, अर्थ तिथं आहे.

१४. मराठी-हिंदीत असं काही आहे का?

दूरदर्शनवर १९९८ ला 'कॅप्टन व्योम' लागायचं, मिलिंद सोमण, आमच्या वयाच्या कितीतरी जणांची सुरुवात तिथूनच. मराठीत मात्र पडद्यापेक्षा पुस्तकात जास्त आहे. जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत यंत्रमानवाचं नाव वामन आहे. पुराणातला वामन दारात लहान होऊन येतो, तीन पावलं मागतो, आणि तिसरं पाऊल ठेवायला डोकं द्यावं लागतं. आज घराघरात बोलणारी मशीन आल्यावर हे नाव वाचा म्हणजे कळंल. बळीनं तर जाणूनबुजून दान दिलं होतं.

१५. 'वेस्टवर्ल्ड' बघितलं, पण पुराण सापडलं नाही. काय चुकलं?

काही नाही चुकलं, प्रत्येक वेळी पुराणच लागतं असं नाही. त्यात (२०१६, माणसांच्या करमणुकीसाठी ठेवलेल्या यंत्रमानवांची गोष्ट) सुरुवातीलाच आपोआप वाजणारा पियानो दिसतो, भोकं पाडलेला कागद गुंडाळीवरून फिरतो आणि सूर वाजतात. आमच्याकडं एक काका येतात, आयुष्य चादरीच्या कारखान्यात गेलेलं. ते पटकन म्हणाले, "हे तर जॅकार्ड आहे." चादरीवरची नक्षी भोकं पाडलेल्या कार्डांवरून ठरते, भोक असंल तिथं एक धागा उचलतो, नसंल तिथं नाही. फ्रान्समध्ये जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास ते यंत्र केलं, त्या कार्डांवरून बॅबेजनं आपल्या गणकयंत्राची कल्पना घेतली, आणि १८४३ मध्ये एडा लव्हलेसनं लिहिलं की माग जशी फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणित विणतं. म्हणजे पूर्व भागातला माग आणि यंत्रमानव एकाच घराण्यातले.

काका म्हणाले, नक्षीत चूक दिसली की आम्ही धाग्याला बोल लावत नव्हतो, कार्ड बघायचो. मग सगळा सीझन त्यांनी तसाच बघितला, प्रत्येक यंत्रमानवानं काही केलं की विचारायचे, हे कार्डात आहे का? मेव्ह ही त्यातली एक यंत्रमानव बाई पळून जायचं ठरवते, आपल्याला वाटतं सुटली, आणि कळतं की पळणंही लिहूनच ठेवलेलं. मग गाडीत बसलेली असताना ती मुलीसाठी उतरते. काका पुढं सरकून बसले. "हे नाही कार्डात," म्हणाले, आणि आम्हाला ते दृश्य तीनदा लावायला लावलं.

१६. आई-वडिलांना सबटायटल वाचता येत नाहीत, त्यांच्यासोबत कसं बघायचं?

थांबवून थांबवून, दर पाच मिनिटांनी सांगत. वेळ दुप्पट लागतो. सगळं भाषांतर करू नका, कोण कुणाचं कोण आणि आता अडचण काय, एवढंच सांगा, बाकी त्यांना चेहऱ्यावरून कळतं. आणि त्यांनी काही विचारलं की एपिसोड चालू ठेवून उत्तर देऊ नका, थांबवा.

१७. शनिवारी आम्ही आलो तर चालंल का?

चालंल. येताना काही आणायचंच असंल तर कडक भाकरी आणि शेंगा चटणी आणा. पुढचा एपिसोड 'डार्मोक'च आहे, पुन्हा, कारण तीन जण नवीन आहेत.